झिराडकरांच्या वाफ्यातली आंबुशी

झिराडकरांच्या वाफ्यातली आंबुशी अखेर गेली. मुळासकट, कंदासकट, वीतभर मातीसकट गेली, आणि त्यानंतर तिथं तिचं एक पान उगवलेलं नाही.

हे आता विसरून जायचं. असं काही घडलेलं नाही. खुद्द हेप्झिबाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "कोणती आंबुशी?" आणि विचारणाऱ्याकडे अशा नजरेनं बघतात की आपल्याच डोक्यात काहीतरी उगवलं असावं असं त्याला वाटतं. तेव्हा आंबुशी आहे, भरपूर आहे, असं धरूनच पुढं चालू.

ती होती पनवेलला, बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, प्रार्थनालयामागच्या आळीत, झिराडकरांच्या परसात, विहिरीलगतच्या सब्जाच्या वाफ्यात. आपली आपण आली नव्हती. तणालासुद्धा थोडीफार निवड असते. ते असल्या घरात स्वतःहून येत नाही. हिला राफेलमामांनी आणलं.

राफेलमामा हे हेप्झिबाबाईंचे थोरले भाऊ. रेल्वेत हेडक्लार्क होते. लग्नाचं एका ठिकाणी विचारलं, तिथून नकार आला, तेव्हा त्यांनी ते प्रकरण बंद करून फडताळात ठेवलं. निवृत्त झाल्यावर विधवा बहिणीला आधार हवा म्हणून ते पनवेलला आले, आणि तेव्हापासून बहीण त्यांना आधार देत होती.

सत्तेचाळीस साली, मामांच्या निवृत्तीच्याच वर्षी, त्यांचा साहेब विलायतेला परत गेला. जाताना त्यानं हाताखालच्या माणसांना आठवणी वाटल्या. एकाला सायकल मिळाली, एकाला आरसा लावलेलं कपाट, शिपायाला चालू घड्याळ. राफेलमामांना कानफुटकी कुंडी मिळाली. तीत तीन-तीन पानांचं एक नाजूक झुडूप होतं. साहेब म्हणाला, "हे शॅमरॉक. आमच्या देशात हे भाग्याचं मानतात." एवढं भाग्याचं असून साहेब ते बरोबर का नेत नाही, हा प्रश्न मामांना पडला नाही. त्यांच्या कचेरीत प्रश्न पाडून घ्यायची पद्धत नव्हती.

मामांनी ते जागा चांगली बघून लावलं. परसात चांगली जागा एकच होती, सब्जाचा वाफा.

शेजारचे कमळाकर कुंपणावर कोपर टेकून बघत होते. न्हावा गावाकडे, खाडीवर, त्यांच्या घरची मिठागरं. पनवेलात राहून मिठाचा धंदा बघायचा आणि उरलेला दिवस झिराडकरांचं परस बघायचं, हा त्यांचा क्रम.

"मामा, ही आंबुशी हाय," ते म्हणाले.

"आंबुशीला पिवळं फूल येतं. हिला गुलाबी येतं."

"म्हंजे पावडर लावलेली आंबुशी."

मामा माती थापत राहिले. मिठाच्या माणसाला वनस्पतीतलं काय कळणार, असं त्यांचं मत होतं, आणि वनस्पतीतलं स्वतःला काय कळतं याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

हेप्झिबाबाईंची मुलगी बेला तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. ती मोठी झाली, शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि तेवढ्या वर्षांत आंबुशी तिच्यापेक्षा जास्त शिकली. पान ओढलं तर देठ हातात यायचा आणि कंद खाली राहायचा. खुरप्यानं खणलं तर कंदाला चिकटलेले साबुदाण्याएवढे दाणे चारी दिशांना उडायचे, आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक दाण्याचं स्वतंत्र बिऱ्हाड व्हायचं. हेप्झिबाबाई रोज सकाळी खुरपं घेऊन बसत, म्हणजे रोज सकाळी आंबुशीची पेरणी करत. बेला ओसरीवरून बघे. तिला माणसांचा तिटकारा होता असं नाही. ओळख झाली की ती तिला नकोशी होत, एवढंच. या घरात तिची सगळ्यांशी ओळख होती.

"मामा, हे काढून टाका," ती म्हणे.

"लेखी दे. तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाही."

ती लेखी देई. मामा कागद डोळ्यांजवळ नेत, शुद्धलेखन तपासत आणि कोपऱ्यात 'विचाराधीन' असं लिहून तो गादीखाली ठेवत. गादी एका बाजूनं उंच झाली होती. मामा त्या बाजूला डोकं करून झोपत.

उपटलेला ढीग टाकायचा कुठं? हेप्झिबाबाई तो कुंपणापलीकडे कमळाकरांच्या आवारात टाकत. कमळाकर भांडत नसत. ते शनिवारची वाट बघत. शनिवार हा शब्बाथ, विश्रांतीचा वार, त्या दिवशी झिराडकर वाफ्याला हात लावत नाहीत, गवताची काडी मोडत नाहीत, हे त्या आळीतल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. शनिवारी सकाळी, घरातले सगळे पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनेला निघाले की कमळाकर तोच ढीग अलगद उचलून सब्जाच्या वाफ्यात परत ठेवत. हेप्झिबाबाई परतल्या की वर म्हणत, "वैनी, तुमचं काय तरी आमच्याकडं पडलेलं." हेप्झिबाबाई दिवसभर खिडकीतून बघत बसत. रविवारी बघावं तर ढिगानं मूळ धरलेलं असे.

एकदा दया येऊन कमळाकरांनीच मिठागरावरून पोतंभर मीठ आणून वाफ्याच्या कडेनं ओतलं. "मीठ म्हंजे मीठ! याच्यापुढं काय टिकत नाय." शेजारचं अळू मेलं. पपई मेली. आंबुशी चार दिवस सुकून बसली आणि मग चव आल्यासारखी वाढली.

हे सगळं असंच चालायला कोणाची हरकत नव्हती, पण त्या वाफ्यातला सब्जा हीच हेप्झिबाबाईंची पनवेलातली पत होती. बेने इस्रायलांच्या घरी काहीही शुभ व्हायचं झालं, नवस फिटला, साखरपुडा ठरला, की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो. गोड पोह्यांचं ताट, त्यावर फळं, आणि एक सुवासिक डहाळी. सुवासाचा आशीर्वाद म्हणायचा आणि मग ती डहाळी हातोहात फिरते, प्रत्येक जण हुंगतो. आळीतली प्रत्येक डहाळी झिराडकरांच्या वाफ्यातून जायची. इतरांच्या सब्जाला वासच नाही, असं हेप्झिबाबाई इतकी वर्षं इतक्या ठामपणे सांगत आल्या होत्या की लोकांनी सब्जा लावायचं सोडून दिलं होतं.

आणि आता मलिदा बेलाचा होता.

मुलगा मुंबईचा, अरोन रोहेकर, ट्रामच्या कचेरीत कारकून. बघायला आला तेव्हा मामांनी त्याला आधी वाफा दाखवला. अरोननं बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "मला झाडापानांतलं काही कळत नाही." बेलानं त्याच क्षणी होकार ठरवला. शिवाय रोहेकर तिसऱ्या मजल्यावर राहत. खाली फरशी, आजूबाजूला फरशी, माती बघायची तर ट्रामनं जावं लागे. यापेक्षा सुखी संसाराची कल्पना तिला करता येत नव्हती.

"सब्जा आपल्या वाफ्यातलाच हवा," हेप्झिबाबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनं लावलेला आहे. त्याचा वास घेतल्याशिवाय या घरातली मुलगी सासरी गेली नाही. आता चार फांद्या उरल्यात, दादा. चार. त्या भुताटकीनं बाकीचं गिळलं. काढ ते, नाहीतर मी तुला काढते."

मलिदा रविवारचा. शुक्रवारी दुपारी राफेलमामांनी गादीखालचा सर्वांत जुना अर्ज बाहेर काढला, त्यावर 'मंजूर' लिहिलं, तारीख घातली आणि कारवाईला सुरुवात केली. त्यांनी उपाय निवडला तो उकळत्या पाण्याचा. हेप्झिबाबाई शब्बाथचा स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत उरकायच्या घाईत होत्या, बेला शाळेत होती, म्हणून कारवाई मामांनी एकट्यानं पार पाडली. हंडा उचलला, वाफ्याशी नेला, वाफ आली, चष्मा धुरकटला. कामात खंड पडू द्यायचा नाही ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी अंदाजानं ओतलं.

शनिवारी सकाळी सब्जाच्या चारही फांद्या काळ्या पडून माना टाकून होत्या. शेजारी आंबुशी टवटवीत उभी होती. गरम पाण्यानं तिच्या पानांवरची धूळ गेली होती.

शनिवार असल्यामुळं कोणालाच काही करता येईना. हेप्झिबाबाई खुर्ची टाकून वाफ्यासमोर दिवसभर बसल्या. कमळाकरांनी तेवढ्यात नेहमीचा ढीग आणला, त्यांचा चेहरा बघितला आणि ढीग तसाच परत नेला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी उजाडताच बेला कुंपणाशी गेली. "काका, थोडी तुळस द्या. वास असला की झालं."

"दिली असती गं," कमळाकर म्हणाले. "पण आज रयवार. रयवारी तुळस तोडत नाय. आमची आय हात कापंल माजा."

"काल मागितली असती तर?"

"काल तोडली असती. पण काल तुमी मागितली नसती."

बेलानं त्यांच्याकडे बघितलं. शनिवार आपला, रविवार यांचा, मधल्या मध्ये आंबुशीला मात्र सातही दिवस मोकळे, हे तिच्या ध्यानात आलं. तिला त्या तणाबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला आणि तो तिनं लगेच काढून टाकला.

"मामा," ती घरात येऊन म्हणाली, "बाजारात जा. पुदिना आणा. ताजा, वास येणारा. दुसरं काहीही करू नका."

मामा पिशवी घेऊन गेले आणि बऱ्याच वेळानं पिशवी घेऊन आले. पिशवी रिकामी होती.

"पुदिना?"

"मलिद्याला पुदिना! चटणी करायची आहे का? मी विचार केला. सोय झाली आहे."

सोय कसली हे विचारायला वेळ मिळाला नाही, कारण भाड्याची बस दारात आली आणि तीतून रोहेकर उतरायला लागले. ते बराच वेळ उतरत होते.

सर्वांत शेवटी मुलाचे वडील, इसाजी रोहेकर, उतरले. त्यांचं आयुष्य एका साबणाच्या कारखान्यात वास तपासण्यात गेलं होतं. साबणानं मुंबई धुतली तशी त्यांच्या नाकातली संवेदनाही धुतली, हे त्यांच्याखेरीज सर्वांना माहीत होतं. घरी दूध करपलं की शेजारी येऊन सांगत. पण इसाजींचं नाक म्हणजे नाक, असं त्यांची बायको म्हणे, त्यांच्या बहिणी म्हणत, आणि इसाजी तर रोजच म्हणत. मलिद्याची प्रार्थनाही तेच म्हणणार होते. दुसऱ्याच्या गळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

ताट आलं. ताटावरचा रुमाल मामांनी स्वतः काढला. पोह्यांच्या डोंगरावर केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी, आणि मधोमध, लाल दोऱ्यानं बांधलेली, गुलाबी फुलासकट, आंबुशीची जुडी.

आंबुशीला वास नसतो. कसलाच नसतो. वास नसलेल्या पाल्यावर सुवासाचा आशीर्वाद म्हणजे देवाला रिकामं पाकीट पाठवण्यासारखं, आणि तेही आपल्या मुलीच्या मलिद्याला, व्याह्यांच्या हातून. हेप्झिबाबाईंनी बेलाकडे बघितलं. बेलानं मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं, जसं ते वरिष्ठांची तपासणी चालू असताना बघत.

इसाजींनी प्रार्थना खड्या आवाजात म्हटली. आशीर्वाद म्हटला. जुडी उचलली, डोळे मिटले आणि एवढा दीर्घ श्वास घेतला की एक पान नाकाला चिकटलं.

लग्न ठरणार की मोडणार हे आता त्या नाकावर होतं.

"सूक्ष्म आहे," इसाजी म्हणाले.

कोणी हललं नाही.

"फार सूक्ष्म आहे. साध्या नाकाला कळायचा नाही." त्यांनी जुडी पुढं दिली.

मग ती फिरली. आत्या म्हणाली, "चंदनाच्या बाजूचा आहे." मावशी म्हणाली, "छे, केशरी." एक काका म्हणाले, आधी येतो, मग जातो, मग परत येतो. सासूबाईंनी तीनदा हुंगलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. आळीतली माणसंसुद्धा, ज्यांच्या शेळ्या हे तण रोज चघळत होत्या, मान डोलवू लागली. पाहुण्यांपुढं पनवेलनं मागं का राहायचं? जुडी अरोनकडे आली. त्यानं हुंगली आणि सांगितलं, "मला काही येत नाही."

"कचेरीची धूळ बसली आहे नाकात," इसाजी म्हणाले. "व्याही, हा सब्जा कुठला?"

प्रश्न मामांना होता. मामा नोकरीत कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी फक्त माहिती रोखून धरली होती. "साहेबाकडून आलेला आहे," ते म्हणाले. "विलायतेचा."

"विलायती सब्जा!" इसाजी उभे राहिले. "मला हवा."

"घेऊन जा ना," हेप्झिबाबाई एवढंच बोलू शकल्या.

आधी इसाजींना एक रोप हवं होतं. मग आत्याला हवं झालं, मग मावशीला, मग आधी-येतो-मग-जातोवाल्या काकांना दोन. इसाजींनी सगळ्यांना परसात उभं करून समजावलं की माती बदलली की वास उडतो, तेव्हा रोप न्यायचं ते त्याच्या मातीसकट, आणि वरवरची नाही, खालचीही. डबे आणा, पोती आणा.

कुंपणापलीकडे कमळाकरांच्या चेहऱ्यावर दिवाळी उजळली. त्यांनी फावडं दिलं. घमेलं दिलं. मिठाची रिकामी पोती झटकून दिली. शेवटी स्वतःच आत येऊन खणायला लागले.

"न्या, न्या, समदी न्या! मुळं खोल हायेत, हितून घ्या. तो दाणा पडला बगा, तो पन घ्या. विलायती माल हाय, सोडायचा नाय काय!"

हेप्झिबाबाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "कमळाकर, एक अक्षर बोललात तर बघा."

"मी कुटं बोलतोय, वैनी? मी खणतोय."

संध्याकाळी बसच्या टपावर पोती, डबे आणि टोपल्या दोरीनं बांधलेल्या होत्या, आणि वाफ्याच्या जागी स्वच्छ, चौकोनी खड्डा होता. इसाजींनी मामांचे दोन्ही हात हातात धरले. लग्नाची तारीख ठरली. बस निघाली. बेला दारात उभी होती. लग्न ठरलं, आई सुटली, आंबुशी गेली. इतक्या मूर्खांनी मिळून इतकं चांगलं काम केल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती हसली. मामांनी तिला हसताना पाहिलं आणि काही बिघडलं की काय म्हणून जवळ आले.

बस वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा बेलाच्या लक्षात आलं की आंबुशी जिथं गेली तिथंच आपल्यालाही जायचं आहे.

हिवाळा सरता सरता ती गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुंड्या, डबे, एक फुटका टब, एक जुना बूट, सगळ्यांत तीन-तीन पानं. सासूबाईंनी झारी हातात दिली. "तुझ्या माहेरचं आहे, तूच सांभाळ." रोज संध्याकाळी इसाजी गॅलरीत येत, वाकत, हुंगत आणि सुनेकडे बघत. "अजून वास धरला नाही. पाणी कमी पडतंय का?" आत्याच्या घरी वास धरला होता म्हणे. मावशीच्या घरी तर शेजाऱ्यांनाही येत होता. वास फक्त बेलाच्या हातून येत नव्हता, आणि त्याचा अर्थ सासरी हळूहळू लावला जात होता. खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर इसाजींचं नाक, मलिद्याचा आशीर्वाद आणि आईची अब्रू एका कुंडीत गेली असती.

एका रात्री तिनं अरोनला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. शाळेत असताना खायचो मी ती. आंबट असते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की. मला काही येत नाही म्हटलं."

बेलानं विचार केला. त्या सबंध मलिद्यात खरं बोललेला माणूस हा एकटाच होता, आणि त्याला कोणी विचारात घेतलं नव्हतं. तिला त्याचा तिटकारा वाटायला हवा होता, ओळख आता पुरेशी झाली होती. पण वाटला नाही. ही गोष्ट तिनं मनातच ठेवली.

पनवेलहून आईचं पत्र आलं. खड्ड्यात नवी माती भरली, मलिद्याच्या पुढच्या रविवारी सब्जाचं बी पेरलं होतं, आता कमरेएवढा झाला आहे, आळीत तीन मलिदे होऊन गेले. आंबुशीचा उल्लेख नव्हता. बेलानं मुद्दाम विचारलं होतं, उत्तरात एकच ओळ होती, "कसली आंबुशी, तुझी तब्येत बरी आहे ना?" खाली कमळाकरांचा नमस्कार होता. ते शनिवारचे फार कंटाळतात, असं लिहिलं होतं.

तेव्हा बेलानं टाक घेतला आणि दौत पुढं ओढली. तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

प्रति,
श्री. राफेल अष्टमकर,
निवृत्त हेडक्लार्क, मुक्काम पनवेल, झिराडकर यांचे घरी.

विषय : माहेरून चुकीने बदली झालेली वनस्पती परत घेण्याबाबत.

महोदय,

खाली सही करणारी अर्जदार आदरपूर्वक कळविते की, आपले कारकिर्दीत सब्जाचे वाफ्यात रुजू झालेली व सध्या अर्जदाराचे सासरी गॅलरीत कार्यरत असलेली वनस्पती ही वासाचे कामी पूर्णपणे अपात्र असून तिचे नावावरील सर्व कसूर अर्जदाराचे नावे लागत आहे. तरी सदर वनस्पतीस तिचे मूळ मातीसह, पोती व डबे यांचेसह, पनवेल येथील मूळ खड्ड्यात त्वरित परत घेण्यात यावे. खड्डा भरला असल्यास तो पुन्हा खणण्यात यावा. ते शक्य नसल्यास, ज्या साहेबाने सदर वनस्पती दिली त्याचा विलायतेतील ठावठिकाणा शोधून ती त्याचे पदरी परत करण्यात यावी व त्याचेकडून पोच घ्यावी. तेही शक्य नसल्यास, श्री. इसाजी रोहेकर यांचे नाकाची सक्षम अधिकाऱ्यामार्फत फेरतपासणी करवून निकाल लेखी व घरातील सर्वांचे समक्ष वाचून दाखविण्यात यावा. सदर अर्ज विचाराधीन ठेवू नये, ही नम्र विनंती.